बादचा माल

चारकोप,
६ जानेवारी २०२५

मामा,

पहिलं सॉरी. माझं शुद्धलेखन कसं आहे ते तुम्हाला माहितीय, कुठली वेलांटी पहिली कुठली दुसरी ते मला शाळेत पण जमलं नाही आणि नववीनंतर तर शाळाच सुटली. त्यात हे टायपिंग एका बोटाने चाललंय. एवढंच लिहायला दहा मिनिटं गेली. चुकलं तर हसू नका.

फोन करणार होती. पण फोनवर माझा आवाज निघत नाही, 'हॅलो'च्या पुढे जमत नाही, आणि इथे गाळ्यात सगळ्यांना ऐकू जातं. मालक असून केतनभाईंनी स्वतः मला ईमेल काढून दिलाय. त्यात अजून कोणाचं काही आलं नाही, पहिलं तुम्हालाच पाठवतेय.

तुमचा घोटा कसा आहे? प्लास्टर कधी काढणार? तुम्ही जिन्यावरून पडलात त्याच्या दुसऱ्या आठवड्यात केतनभाईंनी मला पॅकिंगमधून उचलून तुमच्या स्टोअरमध्ये बसवलं, ते तुम्हाला कळलंच असेल. मी नाही बोलणार होती. पण नाही बोलायला पण बोलावं लागतं ना.

आता इथे ईआरपी आलंय. म्हणजे एक मोठा प्रोग्राम, त्यात स्टोअर, खरेदी, पॅकिंग, कुरियर सगळं एकमेकांना जोडलेलं. आणि कुकरच्या पार्टची आपली स्वतःची वेबसाईट पण त्यालाच जोडलीय. मुलुंडच्या एखाद्या बाईने घरबसल्या कुकरची रिंग मागवली की माझ्या स्क्रीनवर टिंग होतं, स्टॉकमधली एक रिंग आपोआप कमी होते आणि लेबल छापून बाहेर येतं. संध्याकाळी कुरियरवाला घेऊन जातो. आधी कसं होतं, दुकानदाराचा फोन, मग तुमची वही, मग तुम्ही फळीवर बघणार, मग परत फोन. आता कोणी कोणाला विचारतच नाही. मला ते एक बरं वाटतं. पण टिंग झालं की मी स्टॉकचा आकडा दोनदा बघते. वाटतं, आता काहीतरी चुकणार आणि ते सगळीकडे एकदम दिसणार.

मागच्या आठवड्यात अंधेरीच्या ऑफिसमधून प्रियंका मॅडम आल्या होत्या, हे सगळं त्यांनीच बसवलंय. मी मोजायचं आणि सांगायचं, त्या कॉम्प्युटरमध्ये टाकणार. त्या एवढ्या फास्ट विचारतात की मला 'थांबा' बोलता येत नाही. सगळ्या फळ्या मोजल्या, मागची पण. तुमचं खडूचं अक्षर जिथे अडलं तिथे पॅकिंगच्या चंपादीदीला विचारलं. ती जौनपूरची असून तुमचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं वाचते.

लवकर बरे व्हा. तुमच्या खुर्चीवर मी बसत नाही, स्टूल घेतलंय.

श्रुतिका


पंतनगर, घाटकोपर,
८ जानेवारी

चि. श्रुतिका,

मी बोलतोय आणि फोन लिहितोय. नितेशने लावून दिलं, बोलला बाबा तुम्ही नुसतं बोला. पूर्णविराम. बघ, पूर्णविराम बोललो तर ह्याने टिंब द्यायचं सोडून अख्खा शब्द लिहिला. म्हणजे हा पण तुझ्यासारखोच, सांगितलेलं सगळं मनावर घेणारा.

घाबरू नको गो. खुर्चीवर बस. खुर्ची काय माझ्या बापाची नाही.

प्लास्टर सोमवारी काढतील. मग काठी घेऊन चालायचं. फेब्रुवारीच्या सुरवातीला गाळ्यावर येईन म्हणतो. केतनभाईंचा फोन आला होता गेल्या महिन्यात. बोलले दत्ताराम, आराम करा, घाई नको. सव्वीस वर्षांत हा माणूस मला घाई नको बोलला नाही. तेव्हापासून मला नीट जेवण जात नाही. तुला म्हणून सांगतो, तुझ्या आईला सांगू नको.

त्या स्टोअरमध्ये मी डोळे मिटून हात घातला तरी पाहिजे ती वस्तू हातात यायची. आता तुझो तो यारपी बोलतो कुठे काय आहे. मग मी कशाला? असं मनात येतं दुपारचं, घरात कोणी नसलं की.

एक सांगायचं राहिलं. मागच्या फळीवर बादचा माल आहे, तीन खोकी. त्याचं काय ते मी आल्यावर बघतो. केतनभाईंसमोर उगाच विषय काढू नको.

मन लावून काम कर. कमी बोलतेस ते चांगलंच आहे. आपल्या घरात बोलणारे खूप झाले.

दत्तामामा


चारकोप,
१५ जानेवारी

मामा,

प्लास्टर निघालं, आईने सांगितलं. दुखतं का?

आज मला तुम्हाला चांगली बातमी द्यायचीय. माझ्याकडे चांगली बातमी कधी नसते म्हणून सकाळपासून ठरवलं होतं.

तुम्ही बोललात ना, बादच्या मालाचं तुम्ही येऊन बघणार. आता काही बघावं लागणार नाही. सोमवारी सेफ्टी व्हॉल्व्ह संपले, पुढच्या फळीवरचे. सध्या त्यालाच सगळ्यात जास्त मागणी आहे, झाकणावरचं ते छोटं बटण गेलं की लोक नवीन कुकर घेण्यापेक्षा तेवढंच मागवतात. आधी असं झालं असतं तर आपण चार दिवस थांबा सांगितलं असतं आणि गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं असतं. सिस्टीमने काय केलं माहितीय? तुमची ती तीन खोकी आपोआप पुढे घेतली. मी मोजताना प्रियंका मॅडमला सांगितलं होतं, हे नंतरचे आहेत. त्यांनी पुढचा लॉट म्हणून टाकले होते. एक लॉट संपला, दुसरा चालू.

४६ नग गेले पण. केतनभाई फोनवर कोणाला तरी सांगत होते, पहले ऐसा होता तो आधा ऑर्डर वापस जाता, अब एक भी नहीं गया. माझ्याकडे बघून मान हलवली. मी खाली बघितलं पण बरं वाटलं.

खोक्यांवर तुम्ही मोठ्या अक्षरात 'बाद' लिहिलं होतं म्हणून कळलं. चंपादीदीने वाचलं आणि बोलली, बाद लिखा है, बाद में जाएगा. मी बोलली, हां.

श्रुतिका


१५ जानेवारी, दुपार

श्रुतिका फोन उचल. चार वेळा केला.

बाद म्हणजे नंतर नाही गो. बाद म्हणजे रद्द. खो-खोत गडी बाद होतो तसा. फेकायचा माल होता तो.

त्या व्हॉल्व्हच्या मधोमध मऊ धातूचा थेंब असतो. कुकरमध्ये वाफ कोंडली, गरम झाला की तो वितळतो आणि वाफ बाहेर जाते. त्या लॉटचा वितळत नाही. मी उकळत्या तेलात टाकून बघितले होते, दहातले सात तसेच राहिले. एरवी चालेल. शिट्टी वाजत असेल तोपर्यंत काही होणार नाही. पण डाळीचं साल जाऊन शिट्टीचं भोक बंद झालं तर त्या कुकरला दुसरी वाट नाही.

आता एक पण बाहेर जाऊ देऊ नको. कोणाला काही बोलू नको. मी विचार करतो.


चारकोप,
१६ जानेवारी

मामा,

काल फोन उचलला नाही कारण तुमचं नाव दिसल्यावर हात उठला नाही. मेल वाचला तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन बसली. चंपादीदी दार वाजवत होती, पेट दुख रहा है क्या.

खो-खोचं बाद मला माहीत होतं. पण माणूस बाद होतो, माल कसा बाद होईल असं वाटलं. गाळ्यात सगळे हिंदीच बोलतात, इथे बाद म्हणजे बादच. एकदा तुम्हाला विचारलं असतं तर झालं असतं. तेव्हा तुम्ही घरी प्लास्टरमध्ये होता आणि फोन करायचा म्हणजे बोलायचं.

खोकी मी पुठ्ठ्याच्या ढिगाखाली लपवलीत. पण सकाळी स्क्रीनवर २५४ नग विकायला तयार असंच दिसत होतं. आज दोन वेळा टिंग झालं. मी दोन्ही वेळा लेबल काढलं आणि रिकाम्या डब्यावर चिकटवून बाजूला ठेवलं. उद्या किती ठेवणार?

आणि जे ४६ गेले ते गेले. त्यांची लेबलं मीच चिकटवलीत, मामा. ३९ घरं आहेत. मला नावं आठवतात, हेच वाईट आहे. बोरिवलीची एक आहे, तिने दोन मागवले होते आणि खाली लिहिलं होतं एक सासूबाईंकडे द्यायचाय. कुर्ल्याचा एक आहे, त्याने पत्त्यात लिहिलं होतं, बेल वाजवू नका बाळ झोपतं.

आज सकाळी आईने कुकर लावला. मी दात घासता घासता बाहेर जिन्यात जाऊन उभी राहिली. पहिली शिट्टी होईपर्यंत आत गेली नाही. आई बोलली, काय झालं गं, भूत बघितलंस का. आमच्या कुकरला काही झालेलं नाही, जुनाच व्हॉल्व्ह आहे. तरी.

केतनभाईंना सांगायला पाहिजे ना? दोनदा त्यांच्या केबिनपर्यंत गेली. ते बोलले, क्या हुआ बेटा, आणि मी बोलली, पेन.

काय करू ते सांगा.

श्रुतिका


घाटकोपर,
१६ जानेवारी

चि. श्रुतिका,

नीट ऐक. केतनभाईंना सांगू नको.

तुझ्यापासून लपवून काय करू. तो लॉट मी न तपासता उतरवून घेतला होता. चूक माझी. कुर्ल्याच्या एका दुकानदाराने परत पाठवला तेव्हा कळलं. केतनभाई बोलले, सगळे हातोडीने ठेचा आणि भंगारात द्या, आजच. मी त्यांना संध्याकाळी सांगितलं, दिले. दिले नव्हते. मनात होतं, सप्लायरशी भांडून बदलून घेईन, म्हणजे माझी चूक पुसली जाईल. सप्लायर आज या उद्या या करत राहिला. मग मी 'बाद' लिहून मागे सारले. दिवाळी गेली, मी पडलो.

आता तू तोंड उघडलंस तर पहिला प्रश्न येणार, भंगारात गेलेला माल फळीवर कसा? सव्वीस वर्षं त्या माणसाने माझ्या शब्दावर स्टोअर सोडलं. एवढ्या एका खोट्यावर तो मला कायमचा घरी बसवेल. तुला पण काढेल, माझी भाची म्हणून.

आधी पण कधीतरी चुकून खराब माल जायचा गो. डीलरकडे पेटी गेली की तो कुठल्या दुकानात देणार, दुकानदार कोणाला विकणार, देवाक ठावूक. कधी कोणाचं काही ऐकलं नाही. ह्याने पण काही होणार नाही. शिट्टी वाजतेच ना बहुतेक वेळा.

उरलेले तू उद्या चंपासोबत भंगारात दे. सिस्टीममध्ये खराब झाले, पाणी पडलं असं काहीतरी टाक.

माझ्यावर रागावू नको. मला काल झोप नाही.

दत्तामामा


चारकोप,
१८ जानेवारी

मामा,

मी तुमचं ऐकलं नाही.

तुम्ही लिहिलं, आधी माल कुठे जायचा ते देवाक ठावूक. ते वाचून मी ऑर्डरींची यादी उघडली. कारण आता ठावूक आहे ना मामा. ३९ घरांचा पत्ता, मजला, फोन नंबर माझ्यासमोर आहे. माहीत नसतं तर मी कदाचित गप्प बसली असती. शाळेत पण गप्पच बसायची. पण यादी समोर असून गप्प कसं बसणार.

बोलायला जमलं नसतंच. पण सिस्टीममध्ये प्रत्येक लॉटपुढे एक बटण आहे, 'थांबवा'. प्रियंका मॅडमने शिकवताना सांगितलं होतं की कारण लिहिल्याशिवाय ते चालत नाही, आणि कारण सगळ्यांना दिसतं. केतनभाईंच्या फोनवर, पॅकिंगच्या स्क्रीनवर, अंधेरीला पण. काल सकाळी साडेनऊला मी ते दाबलं. कारणात लिहिलं, हे व्हॉल्व्ह खराब आहेत, गरम झाल्यावर वितळत नाहीत, कुकर फुटू शकतो, मी चुकून चांगले म्हणून मोजले, श्रुतिका. तुमचं नाव लिहिलं नाही. मग हात मांडीखाली घेऊन बसली.

दोन मिनिटांत केतनभाई केबिनमधून बाहेर आले. चप्पल पण घातली नव्हती. विचारलं, किसने बोला खराब है? मी पुठ्ठ्याच्या ढिगाकडे बोट केलं. त्यांनी खोकी बघितली, तुमचं अक्षर बघितलं. अक्षरावरून बोट फिरवलं. मग बोलले, "ये तो दिवाली में भंगार में गया था ना?"

मी काही बोलली नाही.

त्यांनी चहाच्या शेगडीवर तेल तापवून स्वतः पाच टाकले. चार तसेच राहिले. केतनभाईंनी लगेच प्रियंका मॅडमला फोन लावला. त्यांनी अंधेरीत बसून त्या लॉटच्या सगळ्या ऑर्डरी एका मिनिटात काढल्या आणि ३९ घरांना एकदम मेसेज पाठवला, व्हॉल्व्ह वापरू नका, नवीन पाठवतोय. दुपारपर्यंत २२ जणांनी उत्तर दिलं. उरलेल्या सतरा जणांना फोन करायचे ठरले. केतनभाईंनी अर्धी यादी स्वतः घेतली, अर्धी माझ्यापुढे ठेवली. मी बोलली, मला नाही येणार. चंपादीदी बोलली, "तू गलती लिख सकती है तो बोल भी सकती है, चल." ती नंबर दाबायची आणि फोन माझ्या कानाला धरायची.

पहिल्या दोघांना मी हॅलो बोलून कट केलं. तिसऱ्यांदा एक आजी होत्या मुलुंडच्या. त्या बोलल्या, बोल गं बाळा, हळू बोल, मला पण कमी ऐकू येतं. मग बोलली. कुर्ल्याच्या बाळवाल्याने तर व्हॉल्व्ह बसवलाच नव्हता, पाना मिळत नव्हता म्हणून. मला रडायलाच आलं.

संध्याकाळपर्यंत ३८ झाले. एक राहिलंय. विमला पडवळ, भटवाडी, घाटकोपर पश्चिम. काल अकरा वेळा फोन केला, आज सकाळी पाच. रिंग जाते, उचलत नाही. मेसेज बघितलेला नाही. कुरियरवाला बोलतो, मंगळवारीच दिलाय, बाईने स्वतः घेतला. केतनभाई बोलले, कुणीतरी दुपारनंतर इथून पाठवतो, पण आज मेट्रोचं काम आणि शनिवार, पोचायला दोन तास.

मामा, पत्ता खाली लिहितेय. तुमचा पाय आहे, मी जा असं बोलत नाही. नितेशदादा घरी असेल तर.

श्रुतिका


घाटकोपर,
१९ जानेवारी

चि. श्रुतिका,

नितेश ड्युटीवर होता. मी गेलो.

तुझं वाचून आधी तुझ्यावर चिडलो. खरं सांगतो. पोरीने मामाचं ऐकलं नाही, असं तोंडाने बोललो पण. मग पत्ता बघितला. भटवाडी म्हणजे माझ्या घरापासून रिक्षाने पंधरा मिनिटं. कुठल्या तरी लांबच्या गावात असती तर मी गादीवरच राहिलो असतो. इतक्या जवळचा पत्ता असला की माणसाला बसवत नाही.

रिक्षावाला वरपर्यंत गेला नाही. पुढे चढ आणि पायऱ्या. काठी, कठडा आणि लोकांचे खांदे. चौथ्या गल्लीत घर मिळालं. दार उघडंच. आत एक बाई, पन्नाशीची, मोबाईलवर काहीतरी बघत कांदा चिरतेय. आणि तिच्या मागे शेगडीवर कुकर.

मी दारातूनच ऐकायला लागलो. आवाज नाही. ना शिट्टी, ना फुसफुस. झाकण नुसतं बारीक थरथरत होतं.

बोललो, "बाई, गॅस बंद करा."

ती बोलली, "अहो आजोबा, कोण तुम्ही? मीटरवाले की काय?"

मी विचारलं, शिट्टी झाली का?

"नाही ना होत मेली. अर्धा तास झाला. म्हणून तर आता मोठा केला."

श्रुतिका, मी काही न सांगता आत घुसलो. काठीने तिला बाजूला केलं आणि गॅसचं बटण फिरवलं. ती किंचाळली. चोर, चोर. शेजारचे धावत आले, एकाने माझी कॉलर धरली. मी नुसतं बोलत होतो, कुकरजवळ जाऊ नका, सगळे बाहेर चला. माझा आवाज ऐकून असेल की काय, सगळे खरंच बाहेर आले. मी उंबऱ्यावर बसलो. दारात काठी आडवी धरली.

पाऊण तास कोणी आत गेलं नाही. कुकर आपोआप थंड झाला तेव्हा मी झाकण काढलं. छोल्याचं साल शिट्टीच्या भोकात चिकटून बसलं होतं. आपला व्हॉल्व्ह नवा कोरा, चमकत होता. हलला पण नव्हता.

मी ते साल तिला दाखवलं, व्हॉल्व्ह दाखवला. ती तिथेच खाली बसली. तिची नात शेगडीच्या ओट्याखाली मांडी घालून अभ्यासाला बसते म्हणे रोज. त्या वेळी क्लासला गेली होती.

मग बाईला कंठ फुटला. बोलली, आधी सांगायचं ना नीट, एकदम काठी उगारता. मी बोललो, आमच्या पोरीने सोळा वेळा फोन केला तुम्हाला. ती बोलली, रोज दहा फोन येतात लोन पाहिजे का, क्रेडिट कार्ड पाहिजे का, कोण उचलणार. मग पाणी दिलं. कॉलर धरली होती त्याने मला पाठीवर बसवून खाली रिक्षापर्यंत आणलं.

रिक्षात बसल्या बसल्या केतनभाईंना फोन लावला. बोललो, दिवाळीत मी खोटं बोललो होतो, माल दिला नव्हता. पोरगीने माझं अक्षर वाचलं एवढाच तिचा दोष. त्यांनी मग विचारलं, घर में सब ठीक है उस बाई के? मी बोललो, ठीक आहे. त्यांनी फोन ठेवला.

मी तुला गप्प बस सांगितलं होतं. तू बसली असतीस तर मी काल ते छोले कोणाच्या अंगावरून वेचले असते? हे तुला लिहितोय कारण फोनवर मला पण बोलता येणार नाही.

व्हॉल्व्ह माझ्या खिशात आहे. पाठवून देतो.

दत्तामामा


चारकोप,
२४ जानेवारी

मामा,

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. चंपादीदीला पण वाचून दाखवलं, हिंदीत करून. नातीचं आलं तेव्हा ती उठून पंखा बंद करून आली, तिला थंडी वाजली म्हणे.

सगळे ४६ परत आले. तुमचा धरून. काल केतनभाईंनी हातोडी दिली आणि बोलले, तू कर. मी आणि चंपादीदीने गाळ्याच्या मागे फरशीवर बसून सगळे तीनशे ठेचले. प्रत्येक ठेचला की सिस्टीममध्ये एक कमी करायचा. मी एकेक करूनच टाकले. एकदम टाकता आले असते, पण मला एकेक बघायचा होता.

प्रियंका मॅडम परवा आल्या होत्या. आता कुठलाही माल आत घेताना तीन पर्याय येतात, विकायचा, राखून ठेवायचा आणि तिसरा. तिसऱ्याला त्यांनी 'बाद' ठेवलं होतं, तुमच्या आठवणीने. चंपादीदीने स्क्रीनकडे बघून विचारलं, "ये कौनसा वाला बाद है?" मॅडमने मग ते काढून 'फेकायचा' केलं. बाजूला लाल फुली.

वेबसाईटवर आपल्याबद्दल लोकांनी लिहिलंय. मला वाटलं शिव्या असतील, म्हणून दोन दिवस उघडलं नाही. केतनभाईंनीच वाचून दाखवलं. मुलुंडच्या आजींनी कोणाकडून तरी लिहून घेतलंय, कंपनीने स्वतःहून फोन करून चूक सांगितली. या आठवड्यात ऑर्डरी कमी झाल्या नाहीत, थोड्या वाढल्याच. केतनभाई बोलले, पहले माल जाता था तो अंधेरे में जाता था. अब दिखता है, तो डर भी लगता है. मी बोलली, मला पण. मी त्यांच्याशी पहिल्यांदा पेन सोडून काहीतरी बोलली.

तुमच्याबद्दल मी विचारलं. हिंमत करून विचारलं. ते खूप वेळ कॅल्क्युलेटरशी खेळत होते. मग बोलले, दत्ताराम को बोलो पैर ठीक होने के बाद आए, तब बात करेंगे. मला त्या बोलण्याचा अर्थ कळला नाही, मामा. चेहऱ्यावर राग होता. बोलताना माझ्याकडे बघितलं नाही. पण तुमच्या चष्म्याची केस खिडकीत पडली होती ती त्यांनी पुसून त्यांच्या ड्रॉवरमध्ये ठेवली, ते मी बघितलं. तुम्ही या. जे बोलायचं ते त्यांना बोलू दे. मी बाहेर स्टुलावर बसलेली असेन.

मी अजून शिट्टी होईपर्यंत जिन्यात उभी राहते. आईला सगळं सांगितलंय. ती आता काही बोलत नाही, दार उघडं ठेवते.

आत्ता लिहिता लिहिता खालून ओरडा ऐकू आला, मला वाटलं भांडण. आई धापा टाकत वर आलीय. आमच्या खालच्या मजल्यावरची अक्षता पोलीस भरतीत पास झाली, धावण्यात सगळ्या मुलींत पहिली, आणि तिचे बाबा जिन्यात बसून रडतायत. ही चांगली बातमी तरी खरी आहे, मामा.

श्रुतिका